पिसायची घरं आणि न पिसायची घरं

पॉडकास्टच्या भागात मॅट्रिक्समधले निवडक आकडे ‘पिसण्या’बद्दल आम्ही जेमतेम चार मिनिटं बोललो. नुसत्या आवाजात तक्ता दाखवता येत नाही, आणि कोड मोठ्याने वाचून दाखवणं म्हणजे ऐकणाऱ्याचा छळ. म्हणून हा लेख. वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा. कॉम्प्युटर नसला तरी चालेल.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

मी लंडनच्या पूर्वेला, इल्फर्डला राहते. (जुन्या फोटोग्राफरांना हे नाव ब्लॅक अँड व्हाइट फिल्मच्या डबीवरून माहीत असेल. ती कंपनी १८७९ साली इथेच सुरू झाली आणि गावाचंच नाव तिला मिळालं. आता इथे फिल्म बनत नाही.) आमच्या गल्लीच्या टोकाला एक प्राथमिक शाळा आहे. सकाळी शाळा भरताना आणि दुपारी सुटताना तो अरुंद रस्ता गाड्यांनी असा तुंबतो की पोरांच्या नाकाच्या उंचीवर नुसता धूर. पालकांच्या गटाने ठरवलं, सहा आठवडे कुणीही गाडी आणायची नाही, मुलांना चालत आणायचं. त्याआधीचे सहा आठवडे नेहमीसारखेच. शाळेसमोरच्या एका घराच्या खिडकीत हवेतले बारीक कण, म्हणजे पीएम २.५, मोजणारं एक स्वस्तातलं यंत्र लावलं. आकडेमोड माझ्या गळ्यात पडली. ‘तू रिसर्चमध्ये आहेस ना?’ एवढं कारण पुरतं.

बारा आठवडे, आठवड्याला पाच शाळेचे दिवस, म्हणजे ६० ओळी. दिवसाचे २४ तास, म्हणजे २४ स्तंभ. एकूण १४४० घरांचा मॅट्रिक्स. त्यातली काही घरं रिकामी, कारण मधूनमधून कुणीतरी यंत्राची पिन काढून फोन चार्जिंगला लावायचं. आम्हाला रस होता फक्त दोन स्तंभांत: सकाळी आठ ते नऊ आणि दुपारी तीन ते चार.

या दोन स्तंभांची सरासरी चालण्याच्या आठवड्यांत कमी आली. आता प्रश्न नेहमीचा: हा फरक खरा, की योगायोग?

याचं उत्तर काढायची एक पद्धत मला फार आवडते, कारण ती पत्ते खेळणाऱ्या कुणालाही समजते. क्षणभर धरून चला की चालण्याचा हवेवर काहीच परिणाम झाला नाही. मग ‘गाडीचा आठवडा’ आणि ‘चालण्याचा आठवडा’ ही नुसती लेबलं झाली. तसं असेल तर आकडे एकमेकांच्या जागी ठेवले तरी काही बिघडू नये. तर ते पिसा. पुन्हा दोन सरासऱ्या काढा, फरक लिहून ठेवा. असं ९९९ वेळा करा. शेवटी बघा, पिसून आलेल्या फरकांपैकी किती फरक आपल्या खऱ्या फरकाइतके किंवा त्याहून मोठे आहेत. त्या संख्येत एक मिळवा आणि हजाराने भागा. हे झालं पी-मूल्य. (एक का मिळवायचा? कारण मूळ मांडणी हीसुद्धा शक्य मांडण्यांपैकीच एक. ती न मोजल्यामुळे ‘पी बरोबर शून्य’ असलं भलतंच उत्तर छापलेलं मी पाहिलंय.)

मी त्या दोन स्तंभांतली भरलेली घरं निवडली, त्यांतले आकडे बाहेर काढले, पिसले, परत भरले. हजारदा केलं. खऱ्या फरकाची बरोबरी करणाऱ्या मांडण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली, मी ग्राफ दाखवला, टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका पंजाबी आजोबांनी हात वर केला. निवृत्त गृहस्थ, भाजीचा मळा करतात. त्यांनी एवढंच विचारलं, ‘त्या दिवसांत वारा कुठून होता?’

त्यांच्या प्रश्नाकडे येतेच. आधी यांत्रिक भाग उरकून घेऊ, कारण तिथेही खड्डे आहेत आणि ते जास्त फसवे आहेत.

हा छोटा तक्ता कागदावर उतरवा. आकडे मनाचे आहेत. रेघ म्हणजे रिकामं घर.

सोमवार: १२, ९, –, ७
मंगळवार: १५, ११, ८, ६
बुधवार: १०, –, ९, ५

समजा आपल्याला ८ पेक्षा मोठे आकडेच पिसायचेत. बाकीच्यांनी, रिकाम्या घरांसकट, आपापल्या जागी बसायचं. हाताने कराल तर काय कराल? मोठ्या आकड्यांना गोल कराल. ते सहा आकडे सहा चिठ्ठ्यांवर लिहाल, चिठ्ठ्या डब्यात हलवाल आणि एकेक काढून गोलांमध्ये ओळीने भराल. कॉम्प्युटरही तेच करतो. गोल म्हणजे मुखवटा: मूळ तक्त्याच्याच आकाराचा दुसरा तक्ता, ज्यात निवडलेल्या घरी ‘हो’ आणि बाकी ‘नाही’. मुखवट्यातून पाहिलं की निवडलेले आकडे एका सरळ रांगेत मिळतात: १२, ९, १५, ११, १०, ९. ही रांग पिसायची आणि त्याच मुखवट्यातून परत भरायची. संपलं. मॅटलॅबमध्ये किंवा पायथनच्या नमपायमध्ये ही एका ओळीची गोष्ट आहे.

आणि त्या एका ओळीतच लोक अडकतात. मीही अडकले होते.

नमपायमध्ये पिसण्यासाठी ‘शफल’ नावाची आज्ञा आहे. ती दिलेली रांग जागच्या जागी पिसते, नवीन काही परत देत नाही. साहजिकच वाटतं की मुखवट्यातून काढलेली रांग ‘शफल’ला दिली की काम झालं. पण मुखवट्यातून जे हाती येतं ती असते प्रत. प्रत पिसली जाते, लगेच फेकली जाते, आणि मूळ तक्ता जसाच्या तसा. कसलीही तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत. नळ उघडा, बादली दुसरीकडे, तसला प्रकार. माझ्या बाबतीत ९९९ पिसण्यांतून ९९९ वेळा अगदी तोच फरक आला आणि पी-मूल्य आलं पूर्ण १. तेवढं विचित्र उत्तर आलं म्हणून लक्षात तरी आलं. उपाय सोपा: ‘परम्युटेशन’ ही आज्ञा वापरा. ती पिसलेली नवी रांग परत देते. ती मुखवट्यातून मूळ तक्त्यात स्वतः भरा.

दुसरा खड्डा: अख्खा तक्ताच ‘शफल’ला दिला तर? तर फक्त ओळी वरखाली होतात. सोमवारची ओळ बुधवारच्या जागी जाते, पण ओळीच्या आतलं काहीच हलत नाही. कधीकधी हेच हवं असतं. पण ‘सगळे आकडे पिसले’ असं समजून पुढे गेलात तर फसलात. प्रत्येक ओळीच्या आत, ओळीपुरतं पिसायचं असेल तर ‘परम्युटेड’ नावाची वेगळी आज्ञा आहे. तिला दिशा सांगावी लागते.

तिसरा: मूळ तक्ता जपून ठेवायचा म्हणून तुम्ही ‘नवा बरोबर जुना’ असं लिहिता. पायथनमध्ये याने दुसरा तक्ता तयार होत नाही. त्याच तक्त्याला दुसरं नाव मिळतं. घरात बाळ्या म्हणा नाहीतर शाळेत बाळकृष्ण, पोरगा एकच. ‘नव्या’त ढवळाढवळ केली की जुनाही ढवळला. प्रत हवी असेल तर प्रत कर असं स्पष्ट सांगावं लागतं. मॅटलॅबमधून आलेल्यांना हे हटकून चावतं, कारण तिथे तसं होत नाही. त्यांना आणखी एक सवय नडते. मॅटलॅब घरं मोजतं वरून खाली, स्तंभाने. नमपाय मोजतं डावीकडून उजवीकडे, ओळीने. वरच्या तक्त्यातली आपली सहा घरं नमपायच्या मोजणीने १, २, ५, ६, ९, ११ या क्रमांकांची (सोयीसाठी एकपासून मोजतेय; नमपाय शून्यापासून मोजतं). मॅटलॅबच्या मोजणीने तीच घरं १, २, ३, ४, ५, ९. एकाची यादी दुसऱ्याला दिली तर भलतीच घरं पिसली जातील, आणि यादीत सहाच क्रमांक असल्यामुळे संशयही येणार नाही.

आता खुद्द पिसण्याबद्दल. सहा चिठ्ठ्या ७२० प्रकारे मांडता येतात. ९ दोनदा आहे, म्हणून वेगळ्या दिसणाऱ्या मांडण्या त्याच्या निम्म्या, ३६०. हे गणित आपल्याकडे जुनं आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं अदलून बदलून किती रूपं होतील, असा त्यातला प्रश्न. उत्तर ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांची मात्र २४च. सारखे अंक पुन्हा आले तर भागाकार कसा करायचा, हेही तिथेच आहे. भास्कराचार्यांच्या नातवाच्या काळातला, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठाला दिलेल्या देणगीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. पाटणादेवीला जाणारे बहुतेक जण तो न बघताच परत येतात.

मांडण्या किती हे मोजणं वेगळं आणि त्यांतली एक निःपक्षपातीपणे उचलणं वेगळं. प्रत्येक मांडणीला सारखी संधी मिळाली पाहिजे. त्याची हाताने करायची रीत रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८ सालच्या त्यांच्या तक्त्यांच्या पुस्तकात दिली: उरलेल्यांतला कितवा उचलायचा हे यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून ठरवा, तो खोडा, बाजूला लिहा, पुढे चला. १९६४ साली रिचर्ड ड्युरस्टेनफेल्ड यांनी तिचं कॉम्प्युटरला सोयीचं रूप छापलं. शेवटच्या घरापासून सुरू करा. एक ते आत्ताच्या घरापर्यंतचा कोणताही एक क्रमांक काढा, त्या दोन घरांची अदलाबदल करा, एक घर मागे या. आज बहुतेक ‘शफल’ आज्ञांच्या पोटात हेच आहे.

‘आत्ताच्या घरापर्यंतचा’ हे शब्द महत्त्वाचे. पुष्कळ जण सोपं म्हणून दर वेळी सगळ्याच घरांतून क्रमांक काढतात. दिसायला जास्तच ढवळलेलं दिसतं. पण तीन घरांचं करून बघा. तीन वेळा, दर वेळी तीन पर्याय, म्हणजे २७ वाटा. मांडण्या सहा. सत्तावीसला सहाने पूर्ण भाग जात नाही, मग सारख्या वाट्या पडणार कशा? प्रत्यक्षात तीन मांडण्यांना चार-चार वाटा मिळतात आणि तिघींना पाच-पाच. असाच आणखी एक मोह म्हणजे ‘सॉर्ट’ करणाऱ्या आज्ञेला दर तुलनेला खोटंच, नाणं उडवून उत्तर द्यायचं. २०१० साली युरोपात मायक्रोसॉफ्टला ब्राउझर निवडायचा एक पडदा दाखवावा लागला होता, पहिल्या पाच ब्राउझरांचा क्रम यादृच्छिक ठेवायच्या अटीवर. तिथे नेमकं हेच केलेलं होतं. क्रम सारख्या संधीने येत नाहीत हे बाहेरच्या लोकांनी मोजून दाखवलं, आणि मग कोड दुरुस्त झाला. (प्रत्येक घराला आधी एकेक यादृच्छिक संख्या देऊन त्या संख्यांनुसार लावणं मात्र ठीक आहे. तिथे तुलना प्रामाणिक असते.) थोडक्यात, स्वतःची पिसणारी आज्ञा लिहू नका. हे काम झालेलं आहे.

बरं, आता वारा.

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात पूर्वेकडून वारा सुटला की युरोपच्या मुख्य भूमीवरचे बारीक कण घेऊन येतो. अशा वेळी सबंध लंडनची हवा तीन-चार दिवस सलग बिघडते, गल्लीत गाडी असो वा नसो. पश्चिमेकडचा, अटलांटिकवरचा वारा आला की सगळं धुऊन निघतं. म्हणजे सोमवारचा आकडा आणि मंगळवारचा आकडा हे दोन अनोळखी प्रवासी नाहीत, एकाच कुटुंबातले आहेत. मी मात्र साठही दिवसांचे आकडे सुटे करून, जणू काही प्रत्येक दिवसाची हवा वेगळ्या गावाहून येते असं समजून, पिसले होते. शिवाय सकाळचे आकडे दुपारच्या स्तंभात आणि दुपारचे सकाळच्या. असं सुटं पिसलं की वाईट आठवडा आपोआप पांगतो, दोन्ही गटांत सारखा वाटला जातो, आणि पिसलेले सगळे फरक छोटे छोटे येतात. त्या छोट्यांच्या गर्दीत माझा खरा फरक डोंगराएवढा दिसला. डोंगर उंच नव्हता. मी आजूबाजूची जमीन सपाट करून घेतली होती.

हा सगळा लेख ज्यासाठी लिहितेय ते हेच. पिसण्यासाठी तुम्ही जी घरं निवडता आणि ज्या घरांना हात लावत नाही, त्यातून तुम्ही जगाबद्दल एक विधान करत असता. पिसलेल्या घरांबद्दल म्हणता, ‘यांची अदलाबदल झाली असती तरी चाललं असतं.’ आणि न पिसलेल्यांबद्दल, ‘हे होतं तसंच राहणार होतं.’ संख्याशास्त्रात याला विनिमेयता म्हणतात. कॉम्प्युटरला विनिमेयता कळत नाही; तुम्ही सांगाल ते तो पिसेल.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण कॉम्प्युटरच्या आधीचं आहे. इल्फर्डहून एलिझाबेथ लाइनने फॅरिंग्डनला उतरायचं आणि थेम्सलिंक पकडून हार्पेंडनला जायचं. तिथे रॉथमस्टेड आहे, १८४३ पासून शेतीचे प्रयोग चालू असलेली संस्था. फिशर १९१९ ते १९३३ तिथे होते. शेताच्या कुठल्या वाफ्याला कुठलं खत हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह तिथलाच. रॉथमस्टेड सोडल्यावर, १९३५ साली, प्रयोगांच्या आखणीवरच्या पुस्तकात त्यांनी चार्ल्स डार्विनचे मक्याचे आकडे घेतले. डार्विनने रोपांच्या १५ जोड्या लावल्या होत्या. प्रत्येक जोडीत एक रोप परपरागणातून आलेलं, एक स्वपरागणातून, आणि दोघं शेजारी-शेजारी वाढलेली. म्हणजे १५ ओळी आणि २ स्तंभांचा मॅट्रिक्स.

यात कुठली घरं पिसायची? एका कुंडीतलं रोप दुसऱ्या कुंडीत ढकलायचं नाही. मातीत, उजेडात फरक असेल. अदलाबदल फक्त ओळीच्या आत, दोन घरांची. प्रत्येक ओळीत दोनच शक्यता, जसं आहे तसं किंवा उलट. पंधरा ओळींच्या मिळून दोनचा पंधरावा घात, म्हणजे ३२,७६८ मांडण्या. फिशर यांनी त्या सगळ्यांचा हिशेब केला, हाताने. मूळ फरकाइतका किंवा त्याहून मोठा फरक, कुठल्याही बाजूला, १,७२६ मांडण्यांत सापडला: शंभरात सव्वापाच. नेहमीच्या सूत्राने आलेलं उत्तर शंभरात पाचाच्या किंचित खाली होतं. दोन्ही जवळजवळ सारखी. आज हा हिशेब माझा जुना लॅपटॉप डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो. पण कुठल्या ३२,७६८ हे ठरवायला डोकं तेवढंच लागतं.

त्याच दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे एक तरुण शिकत होते, पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९३६ मध्ये ते पीएच.डी. झाले. १९३८ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक मोठा निबंध आला, द्विविभाजनी फलनांवर. नाव जड आहे, पण गाभा आपल्या विषयाच्या अगदी शेजारचा: ओळींच्या बेरजा आणि स्तंभांच्या बेरजा ठरवून दिल्या, तर आतले आकडे किती प्रकारे मांडता येतील याची मोजणी.

हे कशाला हवं? समजा सह्याद्रीतल्या वीस सड्यांवर कुठली रानफुलं आढळतात याचा तक्ता तुमच्याकडे आहे. ओळ म्हणजे फूल, स्तंभ म्हणजे सडा, आढळलं तर १, नाही तर ०. तुम्हाला शंका आहे की दोन फुलं एकमेकांना टाळतात. हे एक-शून्य वाटेल तसे पिसले तर दुर्मीळ फूल सर्रास होईल आणि कातळासारखा उघडा सडा बहरेल. ते जग खोटं. मग पिसताना दोन्ही बाजूंच्या बेरजा राखायच्या. त्याची युक्ती अशी: दोन ओळी आणि दोन स्तंभ असे शोधा की त्यांच्या चार छेदांवर एका कर्णात १, १ आणि दुसऱ्यात ०, ० आहेत. कर्ण उलटा करा. बेरजा जागच्या जागी, मांडणी नवी. हे हजारो वेळा करत राहा. बेटांवरच्या पक्ष्यांच्या अशाच तक्त्यांवरून १९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञांत मोठी जुंपली होती, आणि भांडण सगळं ‘पिसताना काय राखायचं’ यावरच होतं. वीस गावांमधल्या अंतरांचा तक्ता असेल तर वेगळाच नियम: सुटी घरं पिसलीत तर पुणे ते सातारा एक अंतर आणि सातारा ते पुणे भलतंच. तिथे गावांचा क्रम पिसायचा आणि ओळी-स्तंभ दोन्ही त्याच क्रमाने हलवायचे.

सुखात्मे पुढे भारतात परतले, आणि विनायक गोविंद पानसे यांच्याबरोबर त्यांनी पीक कापणी प्रयोगांना शिस्त लावली. दोघांचं १९५४ सालचं, शेती संशोधकांसाठीच्या सांख्यिकी पद्धतींचं पुस्तक कृषी महाविद्यालयात गेलेल्या कुणालाही विचारा. नुसतं ‘पानसे-सुखात्मे’ म्हटलं की पुरतं. कापणी प्रयोगात शेताचा एक ठरावीक मापाचा चौकोन कापून वजन करतात. तो कुठे आखायचा हे बांधावर उभं राहून ठरवायचं नाही. यादृच्छिक अंक काढून इतकी पावलं लांबीला, इतकी रुंदीला. आज पीक विम्याची भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते, आणि ती सरासरी अशा चौकोनांतून निघते. कुणी येता-जाता बरा दिसणारा कोपरा कापला तर वाईट वर्षातही सरासरी चांगली येईल, आणि भरपाई बुडेल ती सगळ्या गावाची.

माझ्या बाबतीत बुडली ती फक्त लाज. घरी येऊन मी परत पिसायला बसले. या वेळी सकाळचा स्तंभ सकाळीच, दुपारचा दुपारीच. आठवड्याचा गठ्ठा फोडायचा नाही: पाच दिवस, दोन तास, दहा घरं, रिकाम्या घरांसकट एकत्र हलतील. (रिकाम्या घरांचं हे एक लक्षात ठेवा. सुटं पिसताना ती मुखवट्याबाहेर राहतात, पण गठ्ठा हलवताना गठ्ठ्याबरोबर जातात. त्या आठवड्याचं मोजमाप तुटलं होतं, ही त्या आठवड्याचीच गोष्ट आहे.) बारांपैकी सहा आठवडे निवडायच्या ९२४ रीती होतात. एवढ्याशा असतील तर यादृच्छिक पिसायचीसुद्धा गरज नाही, सगळ्या मोजून टाकल्या. दर पाच-सहा मांडण्यांमागे एक तरी आमच्या फरकाची बरोबरी करत होती. म्हणजे वाऱ्यानेही हे केलं असू शकतं, आणि आमच्या आकड्यांवरून दोघांतला भेद करता येत नाही.

खरं तर ९२४ हीसुद्धा जरा उदार मोजणी. आम्ही आधी सहा गाडीचे आणि मग सहा चालण्याचे आठवडे सलग घेतले होते. कुठल्याही चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. थंडीतून वसंताकडे जाताना हवा आपोआप बदलते, ते सगळं चालण्याच्या खात्यावर जमा झालं असणार. प्रयोगाच्या आधी चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर नंतर पिसायचा हक्क मिळाला असता. उलट्या क्रमाने तो मिळत नाही.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या नाहीत. एका आईने विचारलं, ‘म्हणजे चालून फायदा नाही?’ मी म्हटलं, तसं नाही हो, फायदा आहे की नाही हे या आकड्यांवरून कळत नाही. हे वाक्य कितीही वेळा म्हटलं तरी ऐकणाऱ्याला ते ‘नाही’च ऐकू येतं. शेवटी ठरलं की पुढच्या सत्रात पुन्हा करायचं, पण डार्विनच्या कुंड्यांसारखं: लागून आलेल्या दोन-दोन आठवड्यांच्या सहा जोड्या, आणि प्रत्येक जोडीत चालण्याचा आठवडा पहिला की दुसरा ते नाणं उडवून. दोनचा सहावा घात, ६४ मांडण्या. फार नाहीत. आमचा फरक ६४ मांडण्यांत सर्वांत मोठा ठरला तरी पी-मूल्य ६४ मध्ये १ याच्या खाली जाणार नाही. पण ऋतू आणि वारा दोन्ही आठवड्यांना जवळपास सारखे भेटतील, आणि पिसायचं काय ते आधीच ठरलेलं असेल.

नाणं आजोबांनी उडवलं, पन्नास पेन्सचं. पहिल्या चारही वेळा छापा पडला. लगेच कुजबुज सुरू झाली, हे काही रँडम वाटत नाही, पुन्हा उडवा. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘नाही, हेच लिहून घ्या. आता पाचवं उडवा.’